नकाशा ठरण्याआधी बोलायचं कुठे?

प्रश्न : विकास आराखडा प्रसिद्ध झाला की वर्तमानपत्रात ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ अशी जाहिरात येते. मागच्या वेळी आमच्या सोसायटीने आणि शेजारच्या चाळीने मिळून अर्ज दिला होता. आमच्या गल्लीच्या टोकाला बागेसाठी राखलेली जागा वर्षानुवर्षं पडून आहे, आणि नव्या नकाशात तिच्यातून रस्ता काढलेला दिसला. सुनावणीला आम्ही तिघं गेलो, दोन-तीन मिनिटं बोललो, बाहेर आलो. मला मनापासून जाणून घ्यायचंय, असे अर्ज कुणी वाचतं का? आणि नकाशा तयार व्हायच्या आधी रहिवाशांना विचारायची काही रीत आपल्याकडे आहे, की ती फक्त परदेशातच असते?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वाचतात. निदान अर्ज नोंदवून घेणं, अर्जदाराला बोलावणं आणि त्याचं म्हणणं ऐकणं एवढं तरी कायद्याने ठरलेलं आहे. आपल्याकडे शहरांचे आराखडे १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली होतात. प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो, मुदतीत हरकती येतात आणि कलम २८ खाली नेमलेली नियोजन समिती त्या ऐकते. या समितीत महापालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि त्यांच्या जोडीला जास्तीत जास्त चार बाहेरचे जाणकार. समितीचा अहवाल महापालिकेकडे जातो, महापालिका फेरबदल करून आराखडा सरकारकडे पाठवते आणि सरकार कलम ३१ खाली त्याला मंजुरी देतं.

तुम्हाला दोन-तीन मिनिटंच का मिळाली, याचं उत्तर तुमच्याच शहराच्या हिशेबात आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. एका अर्जाला पाच मिनिटं द्यायची आणि रोज आठ तास बसायचं म्हटलं, तर सुनावणीलाच नऊशे दिवस लागतील. एवढं करूनही शेवट काय झाला? मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा महापालिकेकडून काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे सोपवला आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी दिली. त्या ८७ हजारांतल्या बहुतेकांना आपल्या अर्जाचं नेमकं काय झालं हे उमगलंच नसणार, आणि हे मला फार सलतं. एखादा माणूस सुट्टी काढून, झेरॉक्स काढून, रांगेत उभा राहून आपल्या गल्लीबद्दल दोन ओळी लिहून देतो, तेव्हा त्याला ‘मान्य’ किंवा ‘अमान्य, कारण असं’ एवढं उत्तर मिळायलाच हवं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. प्रारूप आराखडा हातात पडतो तोवर रस्त्यांच्या रेषा आखून झालेल्या असतात, आरक्षणं टाकून झालेली असतात, आणि एक रेषा सरकवायची तर पलीकडच्या चार जणांचं नुकसान होतं. हरकतीच्या टप्प्यावर लोक फक्त ‘नको’ म्हणू शकतात. ‘काय हवं’ हे सांगायची जागा त्याच्या बरीच आधी असते, आणि ती आपल्या कायद्यातही आहे. फक्त तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आराखडा करायचा इरादा महापालिका आधी जाहीर करते. मग कलम २५ प्रमाणे विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. आज कुठे काय आहे, याचा हा नकाशा. निवासी भाग पिवळा, व्यापारी निळा, कारखाने जांभळे. शाळा, दवाखाने, देवळं, मैदानं, नाले, विहिरी यांच्या वेगळ्या खुणा. उद्याचं शहर या कागदावर बेतलं जातं. इथे मैदान दाखवायचं राहून गेलं, तर नव्या आराखड्यात ती ‘मोकळी जमीन’ होते आणि तिच्यावर काहीही येऊ शकतं.

हे किती गंभीर आहे ते मुंबईने पाहिलं. २०१४ ते २०३४ या काळासाठीच्या आराखड्याचं काम सुरू झालं तेव्हा सल्लागारांनी केलेला जमीन वापराचा नकाशा २०१२ मध्ये लोकांसमोर आला. वास्तुरचनाकार, वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्था आणि वॉर्डांतले रहिवासी तो घेऊन गल्लीबोळांत फिरले आणि चुकांमागून चुका सापडत गेल्या. कोळीवाडे झोपडपट्टी म्हणून रंगवले होते. कोळ्यांची वस्ती मुंबई शहर होण्याच्या आधीची. मासळी सुकवायची जागा, होड्या ओढून ठेवायची जागा, जाळी विणायचं अंगण हे सगळं त्यांच्या धंद्याचा भाग. नकाशावर ती जागा ‘मोकळी’ आणि घरं ‘झोपडी’ झाली की पुढे पुनर्विकासाची फाइल तयारच. गावठाणं आणि कोळीवाड्यांच्या हद्दी आखून द्या, ही मागणी तिथूनच जोर धरत गेली.

काही चुका दुरुस्त झाल्या, बऱ्याच राहिल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप आराखडा आला तेव्हा उभ्या इमारतींमधून रस्ते गेलेले होते, प्रार्थनास्थळं आणि वारसा यादीतल्या वास्तू चुकीच्या किंवा गायब होत्या, आरे वसाहतीची हिरवी जमीन बांधकामाला खुली होणार होती, आणि स्टेशनांजवळ आठपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक सुचवला होता. साठ हजारांहून अधिक हरकती आल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आराखडा दुरुस्तीसाठी परत पाठवला. नवा मसुदा मे २०१६ मध्ये आला, मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली आणि तो लागू झाला १ सप्टेंबर २०१८ला. २०१४ साली सुरू व्हायचा आराखडा साडेचार वर्षं उशिरा आला. लोकांना विचारत बसलं तर उशीर होतो असं कुणी म्हणालं की मी हे उदाहरण देते. आज कुठे काय आहे हे तिथे राहणाऱ्यांना नीट विचारलं असतं, तर यातला बराचसा वेळ वाचला असता.

याच आराखड्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आशेची आहे. प्रारूप येण्याच्या आधीच्या काळात महापालिकेने संस्था आणि नागरिकांसोबत विषयवार आणि वॉर्डवार बैठका घेतल्या होत्या. त्यात स्त्रियांच्या संघटना पूर्ण तयारीने उतरल्या. शहराच्या आराखड्यात बाई दिसत नाही, हे त्यांनी साध्या भाषेत मांडलं. नोकरी करणाऱ्या एकट्या बाईने राहायचं कुठे, तान्हं मूल ठेवायचं कुठे, फेरीवालीने आणि घरकामगार बाईने संडासला जायचं कुठे? मंजूर आराखड्यात नोकरदार स्त्रियांसाठी बहुउद्देशीय निवास, आधार केंद्रं, संगोपन केंद्रं, बेघरांसाठी निवारे असे आरक्षणाचे प्रकार आले. आधीच्या आराखड्यांत या नावाची खूणच नव्हती. प्रत्यक्षात किती उभी राहतात हा पुढचा झगडा आहे, पण नकाशावर खूणच नसेल तर झगडायला आधार तरी कसला?

आता तुमच्या गल्लीबद्दल. पुढचा आराखडा यायची वाट न पाहता आपल्या भागाचा नकाशा आपणच काढा. महापालिकेच्या बांधकाम विभागातून तुमच्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा आणि झोन दाखला मिळतो. तो मोठा करून घ्या, पुठ्ठ्यावर चिकटवा आणि सकाळी एकदा, भर दुपारी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा असे त्याच गल्लीतून फिरा. एकाच जागेचा वापर तीन वेळांना तीन प्रकारचा असतो. सकाळी शाळेच्या व्हॅन जिथे वळतात तिथेच संध्याकाळी भाजीच्या हातगाड्या लागतात, आणि रात्री तिथेच रिक्षा उभ्या राहतात.

अशा एका फेरीत मी होते. नकाशा एका देवळाच्या ओट्यावर पसरला होता. निवृत्त झालेले एक गृहस्थ टेप घेऊन पदपथाची रुंदी मोजत होते, मुलं लाल खडूने अंधाऱ्या आणि कुत्र्यांच्या जागा दाखवत होती. धुण्याभांड्याची कामं करणारी एक बाई बराच वेळ नुसती उभी होती. कुणीतरी तिला ‘मावशी, तुम्ही सांगा ना’ म्हटल्यावर तिने एका बंद दुकानाच्या पायरीवर बोट ठेवलं. दोन घरांच्या कामांमध्ये दुपारी जो तासभर मिळतो त्यात ती आणि तिच्या मैत्रिणी तिथे डबा खातात, कारण बसायला दुसरी सावलीच नाही आणि जवळपास संडासही नाही. पंचवीस-तीस वर्षं त्या गल्लीत राहणाऱ्या कुणालाच ही जागा ठाऊक नव्हती. त्या दिवशी नकाशावर पायरीशेजारी ‘बाक, सावली, स्वच्छतागृह’ असं लिहिलं गेलं. एरवी कुठल्याही सर्वेक्षणाच्या तक्त्यात हे आलं नसतं.

परदेशाबद्दल तुम्ही विचारलंत, तर परदेशातून इथे आलेल्या एका माणसाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनेकडे वळलेले. १९१५च्या सुमारास ते भारतात आले, मुंबई प्रांतातल्या आणि दक्षिणेतल्या अनेक गावांचे अहवाल त्यांनी लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू केला. त्यांचा आग्रह एकच असे. आधी गल्लीबोळ पायी तुडवा, तिथली माणसं कशी जगतात ते पाहा, मग पेन्सिल हातात धरा. सरळ रुंद रस्ता काढण्यासाठी सबंध मोहल्ला पाडायचा, ही त्या काळच्या इंग्रजी अधिकाऱ्यांची पद्धत त्यांना मान्य नव्हती. एखाददुसरं मोडकळीला आलेलं घर काढून चौक मोकळा करा, विहीर साफ करा, झाड लावा. कमी पैशांत आणि कमी माणसं उठवून काम होतं, हे ते आकडे मांडून दाखवत.

होळकरांच्या इंदूरमध्ये ते १९१७-१८च्या सुमारास काम करत होते तेव्हा प्लेगची दहशत होती. मोजमापं घेत फिरणाऱ्या या गोऱ्या साहेबाला लोक घाबरत, आता हा घर पाडणार म्हणत. गेडिसनी दरबाराकडून एका दिवसापुरता राजाचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केलं, की यंदाच्या दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरं जास्तीत जास्त साफ आणि दुरुस्त झालेली असतील, त्या रस्त्यांवरून ती जाईल. मग पेठापेठांत चढाओढ लागली. गाड्या भरभरून कचरा गावाबाहेर गेला, घरांना रंग लागले, उंदरांची बिळं बुजली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगच्या उंदराचा पुतळा होता. तो शेवटी जाळला. आपली गल्ली मिरवणुकीत असावी असं प्रत्येकाला वाटलं पाहिजे, हे त्यांना पक्कं कळलं होतं. आपल्या उत्सवातून लोकांना कामात ओढायची ही युक्ती आपल्या गणेशोत्सव मंडळांनाही सहज जमेल. मंडपात देखाव्याशेजारी वॉर्डाचा नकाशा टांगला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टिकली लावायला सांगितलं, तर दहा दिवसांत जेवढी माणसं बोलतील तेवढी सुनावणीत कधीच बोलणार नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘रहिवासी’ म्हणजे फ्लॅटचे मालक एवढंच धरलं, तर हा सगळा खटाटोप एका गटाची मागणी होऊन बसतो. तुम्ही सोसायटी आणि चाळ मिळून गेलात, हे मला फार आवडलं. त्यात भाडेकरू, दुकानदार, वॉचमन, कोपऱ्यावरची भाजीवाली हेही यायला हवेत. फेरीवाल्यांसाठी तर २०१४च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीच नेमलेली आहे. तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, आणि त्यातल्या एक तृतीयांश स्त्रिया. रहिवाशांच्या संघटनांनाही तिच्यात जागा आहे. कुठला कोपरा विक्रीसाठी आणि कुठला चालण्यासाठी मोकळा, हे दोघांनी एका टेबलाशी बसून ठरवायची सोय कायद्यात आहे. ‘फेरीवाले हटवा’ असा अर्ज देण्याआधी त्या टेबलाशी बसून पाहा.

गरीब वस्तीतले लोक आपल्या घराचा नकाशा ठरवू शकतात का, अशी शंका कुणाला असेल तर त्याने येरवड्यातल्या वस्त्यांचं काम पाहावं. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाखाली २००९च्या आसपास तिथे मूळ जागीच घरं सुधारायचं काम सुरू झालं. महिला मिलनच्या बायका, स्पार्क संस्था आणि वास्तुरचनाकार असे मिळून काम करत होते. बायकांनी घरोघर जाऊन कुणाचं घर कच्चं, कुणाचं पक्कं याची यादी केली. पक्की घरं पाडली नाहीत. कच्च्या घरांच्या जागी साधारण २७० चौरस फुटांचं घर, खर्चातला एक दशांश वाटा कुटुंबाचा. ज्यांची जागाच एवढीशी होती, त्यांनी शेजाऱ्यांबरोबर जागा एकत्र करून एकावर एक मजले चढवले. तळमजला कुणाला, जिना कुठून, नळ कुणाच्या दाराशी हे वाद तिथल्या तिथे, माणसांनी एकमेकांसमोर बसून मिटवले. शेजार तसाच राहिला, मुलांच्या शाळा सुटल्या नाहीत, कामावर जायचं अंतर वाढलं नाही.

तुमच्या बागेच्या जागेचं म्हणाल, तर अर्जात फक्त ‘रस्ता नको’ लिहून भागत नाही. नकाशातला शीट क्रमांक, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक लिहा. रस्त्यासाठी दुसरी शक्य रेषा सुचवा आणि ती कागदावर काढून जोडा. दोन हजार लोकांनी एकच छापील मजकूर दिला तर सुनावणीत त्याचा एकच गठ्ठा होतो. त्यापेक्षा वेगवेगळ्या माणसांनी आपापली अडचण लिहिलेले वीस अर्ज जास्त वजनाचे. आजी म्हणते संध्याकाळी बसायला दुसरी जागा नाही, शाळेतली शिक्षिका म्हणते मैदान नाही, डॉक्टर म्हणतात पावसात पाणी त्याच जागेत मुरतं. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, आणि सुनावणी हवी असं अर्जातच लिहा.

आरक्षण वर्षानुवर्षं पडून आहे, ही मात्र स्वतंत्र काळजीची गोष्ट आहे. याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक महापालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या मुदतीत महापालिकेने भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द झाल्यासारखं होतं. मालकाच्या बाजूनेही हे न्याय्य आहे, कारण त्याची जमीन किती काळ अडकवून ठेवायची? म्हणून आपल्या भागातली सगळी आरक्षणं, त्यांची तारीख आणि ताब्याची स्थिती यांची यादी माहिती अधिकारात मागून घ्या आणि दहा वर्षं भरायच्या आधी भूसंपादनासाठी अंदाजपत्रकात पैसे टाकायला लावा. मंजूर आराखड्यात मागाहून होणारे फेरबदल कलम ३७ खाली होतात. त्यांची नोटीस बारीक टायपात छापून येते, हरकतीला महिनाभराची मुदत असते, आणि पुष्कळ मैदानं त्या चौकटीतच जातात. तुमच्या गटातल्या एकाने फक्त या नोटिसा वाचायचं काम अंगावर घ्यावं.

चिकाटीने काम झाल्याचं उदाहरण तुम्हाला खिडकीतूनही दिसत असेल. १९९७ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत तेवीस गावं आली. त्यांच्या आराखड्यात ९७८ हेक्टर टेकड्या जैवविविधता उद्यानासाठी राखाव्यात, यासाठी नागरिकांनी जवळपास दहा वर्षं आवाज उठवला. बिल्डरांचा, जमीनमालकांचा, कधी राजकीय पक्षांचाही विरोध होता. २०१५ मध्ये सरकारने आरक्षण कायम ठेवलं. जमीनमालकांच्या मोबदल्याचा वाद त्यानंतरही चालूच राहिला आणि तो सोडवला नाही तर टेकड्या सुरक्षित नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेजारच्या गोव्यात तर लोकांनी अख्ख्या राज्याचा आराखडा परत फिरवला. २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला, त्यात शेतं आणि डोंगरउतार बांधकामाला खुले झालेले दिसले. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, पणजीच्या आझाद मैदानावर लोक जमले, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने आराखडा रद्द केला. मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. नव्या आराखड्यासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यासारखी माणसं असलेल्या कृती दलाने गावोगावचे नकाशे पंचायतींकडे पाठवले. गावकऱ्यांनी बैठका घेऊन झरे, खाजण शेतं, देवराया, जुन्या वाटा त्यांवर दाखवल्या. २०१२ मध्ये सरकार बदललं आणि तो आराखडाही स्थगित ठेवला गेला. पण ज्या गावांनी आपले नकाशे काढले, त्यांच्यापाशी आपल्या गावाची लेखी नोंद तयार झाली आणि पुढच्या प्रत्येक भांडणात ती कामाला आली.

खेड्यात ग्रामसभा असते, शहरात काय, असं पुष्कळ जण विचारतात. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या, आणि २००९ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांच्या परिसरातले सगळे मतदार म्हणजे क्षेत्रसभा. ती नगरसेवकाने बोलवायची आणि आपल्या भागाच्या कामांचा अग्रक्रम तिथे ठरवायचा. ही सभा कागदावरच राहिली, आणि २०२२ पासून तर महापालिका कित्येक वर्षं प्रशासकांच्याच हाती होत्या. तुमच्या नगरसेवकाला किंवा नगरसेविकेला क्षेत्रसभा बोलवायची लेखी विनंती करा, त्याची प्रत आयुक्तांना द्या. एका भागात एकदा जरी ती नीट झाली, तरी शेजारचा भाग विचारू लागतो.

तोवर पुण्यात एक दार उघडं आहे, आणि ते तुमच्या घराजवळच आहे. २००६-०७ पासून महापालिका नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेते. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झालेल्या पद्धतीवरून ही कल्पना जगभर पसरली. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयात एक फॉर्म भरायचा, पदपथ, दिवे, बाक, स्वच्छतागृह अशी पाच लाखांच्या आतली कामं सुचवायची. रक्कम लहान आहे, पण कुठल्या कोपऱ्यावर दिवा हवा हे तिथे राहणारा माणूसच सांगू शकतो. फॉर्म भरताना तुमच्या गल्लीच्या नकाशाची प्रत जोडा आणि तीन-चार शेजारच्या गटांनी मिळून तीच कामं सुचवा, म्हणजे यादी करताना ती वर येतात. मग अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर प्रभागनिहाय यादी मागून घ्या. आपलं काम कुठल्या शीर्षाखाली, किती रकमेचं धरलंय ते पाहा. यादीत नसेल तर क्षेत्रीय कार्यालयात जाऊन कारण लेखी मागा, आणि ते कारण पुढच्या वर्षीच्या फॉर्मला जोडा.